इन्कम टॅक्सची मोठी थकबाकी अंगावर आली तर काय करायचं, उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून

माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. फौंड्रीवाल्यांचं कास्टिंग येतं, ते टर्निंग बोअरिंग करून द्यायचं, लेबर बिल करायचं, एवढंच काम. २०२३ च्या मार्चमध्ये माझ्या नावावर ६ लाख ३४ हजारांची इन्कम टॅक्सची डिमांड, म्हणजे एवढे पैसे भरा अशी मागणी, निघाली आणि मला ते कळलं ऑगस्टमध्ये, तेही बँकेतनं फोन आला म्हणून, की खात्यावर अटॅचमेंट (जप्ती) आलंय आणि पैसे काढता येणार नाहीत. शनिवार होता, पोरांचा पगार करायचा होता. तो दिवस मी विसरू शकत नाही, म्हणून जे जे शिकलो ते सगळं लिहून ठेवतोय, दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर त्याचे पाच महिने तरी वाया जाऊ नयेत.

आधी हे सांगतो की मला कळलं का नाही. माझे रिटर्न पूर्वी ओळखीचे एक जण भरायचे, त्यांनी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकलेला. नंतर त्यांच्याशी संबंध राहिला नाही, २०१७-१८ चं रिटर्न भरायचं राहून गेलं आणि त्या वर्षाच्या सगळ्या नोटिसा त्या ईमेलवर जात राहिल्या. म्हणून हे वाचताय तोवरच एक काम करा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाईलमध्ये मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा आणि तुमचा नसेल तर आजच बदला. नोटीस आता बहुतेक वेळा पोस्टमननं आणून द्यायची वाट बघत नाही, पोर्टलवर पडली नि ईमेल गेला की ती तुम्हाला मिळाली असं धरतात.

आता डिमांड आलीच असेल तर पहिलं काम, रकमेकडं बघायच्या आधी तारखेकडं बघायचं. मी ज्या सीएकडं गेलो तो माझ्या मावसभावाचा मुलगा, मी कागद पुढं करून किती भरायला लागतील किती भरायला लागतील करत होतो, तो म्हणाला, "काका, रक्कम राहू दे, ऑर्डर कुठल्या तारखेची आहे ते दाखवा आधी." कारण सगळं त्या तारखेवर चालतं. डिमांड नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे, ३० दिवसांतच अपील करायचं आणि हप्ते पाहिजेत तर तो अर्जसुद्धा कायद्यानं त्याच ३० दिवसांत करायचा. ते दिवस संपले की भरायच्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज सुरू, महिन्यातला एक दिवस जरी लागला तरी पूर्ण महिना धरतात. माझ्या रकमेवर ते महिन्याला ६,३४० रुपये होत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

नोटीस खरी आहे का हेही बघा, हल्ली खोट्या नोटिसा पाठवून लिंकवर पैसे भरायला लावणारेही आहेत. १ ऑक्टोबर २०१९ पासून इन्कम टॅक्स खात्याच्या प्रत्येक पत्रावर डिन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो.

मग रक्कम फोडायची. हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी तो आकडा बघूनच घाबरून बसलो असतो. ६ लाख ३४ हजारात मूळ टॅक्स होता २ लाख ९५ हजार, बाकी सगळं व्याज. रिटर्न न भरल्याचं व्याज ५५ महिन्यांचं, ते १ लाख ६२ हजार, आणि ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच भरायचा टॅक्स) न भरल्याचं ६० महिन्यांचं, ते १ लाख ७७ हजार. दोन्ही महिन्याला १ टक्क्यानं, आणि दोन्ही मूळ टॅक्सवर चढलेली. म्हणजे मूळ टॅक्स कमी झाला की व्याज आपोआप खाली येतं, म्हणून जोर मूळ टॅक्सवर लावायचा. आणि तो मूळ टॅक्स आला कुठनं? तर माझ्या खात्यावर त्या वर्षी १५ लाख ८० हजार जमा झालेले, माझ्याकडनं उत्तर गेलं नाही म्हणून साहेबांनी ती सगळीच्या सगळी रक्कम माझं उत्पन्न धरली. त्यातनं लाईट बिल, टूल बिट, पोरांचा पगार, शेडचं भाडं काहीच वजा नाही. वर दोन कंपन्यांनी माझ्या बिलातनं १ टक्का टीडीएस, म्हणजे माझ्या नावानं आधीच भरायचा टॅक्स, कापलेला, त्याचंही क्रेडिट धरलेलं नव्हतं. हे २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा, काढलं की लगेच दिसतं, आपली डिमांड आणि आपलं २६एएस शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

चूक साधी असेल, म्हणजे टीडीएस धरला नाही, भरलेलं चलन दिसत नाही, बेरीज चुकली, तर त्यासाठी अपिलाची गरज नाही, कलम १५४ खाली रेक्टिफिकेशनचा (दुरुस्तीचा) अर्ज करायचा, ऑर्डर ज्या आर्थिक वर्षात झाली ते संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत तो चालतो. पण उत्पन्नच चुकीचं धरलंय म्हणायचं असेल तर अपीलच, फॉर्म ३५ ऑनलाईन भरायचा, फी धरलेल्या उत्पन्नाप्रमाणे २५०, ५०० नाहीतर १,००० रुपये. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण पुराव्यासकट लिहायचं, ईमेल दुसऱ्याचा होता हे मी पोर्टलच्या स्क्रीनशॉटसकट लावलं. आणि एक अडचण, त्या वर्षाचं रिटर्नच भरलेलं नसेल तर अपील दाखल करून घ्यायला जेवढा ॲडव्हान्स टॅक्स बसत होता तेवढा भरलेला लागतो, नाहीतर योग्य कारण दाखवून सूट मागायला लागते. हे सीएला स्वतःहून विचारा, नाहीतर अपील या एका मुद्द्यावर पडतं.

कागद कुठनं आणायचे हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. आमचं घर शाहूपुरी कुंभार गल्लीत, २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत छातीएवढं पाणी, बिलबुकं आणि डिलिव्हरी चलनांचं पोतं सगळं चिखल झालं होतं, वाळवायला पत्र्यावर पसरलेली पानं एकमेकाला चिकटून वीट झालेली. मला वाटलं आता कशाचाच पुरावा नाही. पण पुरावा आपल्याकडंच असतो असं नाही. ज्या पार्ट्यांचं काम केलं त्यांच्याकडनं त्या वर्षाचा माझ्या नावाचा लेजर (हिशोबाचा उतारा) सही शिक्क्यानिशी आणला, सहापैकी चार जणांनी दोन दिवसांत दिला. बँकेकडनं जुनं स्टेटमेंट अर्ज करून काढलं, महावितरणकडनं वर्कशॉपच्या मीटरचा जुना उतारा, टूल बिटच्या दुकानदाराकडनं खात्याची नक्कल, जुलै २०१७ पासूनची जीएसटी रिटर्न तर पोर्टलवर होतीच, आणि पुराच्या पंचनाम्याची प्रत. ह्या सगळ्याची यादी करून, पानांना नंबर टाकून फाईल केली. स्टेटमेंटमधल्या प्रत्येक मोठ्या जमेपुढं पेन्सिलनं लिहिलं, हे अमक्या पार्टीचं, हे मेव्हण्याकडनं हात उसनं, हे एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात फिरवलेलं. त्या पेन्सिलच्या खुणांतच १ लाख ९० हजार असे निघाले की जे उत्पन्नच नव्हतं.

आता वसुली कशी थांबवायची. अपील केलं म्हणजे वसुली आपोआप थांबते असा लय लोकांचा समज आहे, तसं होत नाही, त्यासाठी वेगळा स्टेचा, म्हणजे वसुली थांबवायचा, अर्ज लागतो. सीबीडीटीनं, म्हणजे केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळानं, २०१६ मध्ये सूचना काढलेल्या आणि ३१ जुलै २०१७ ला त्यात बदल केला, त्याप्रमाणे साधारण वादातल्या डिमांडच्या २० टक्के भरले तर पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत बाकी वसुलीला स्टे देतात, आणि २० टक्केही जास्त वाटत असतील तर प्रिन्सिपल कमिशनरकडं दाद मागता येते. असेसमेंट (टॅक्स ठरवायचं काम) आता फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाईन, झाली तरी वसुली आपल्या इथल्या ऑफिसरकडंच असते, त्यामुळं बोलायला माणूस नाही असं समजू नका. पोर्टलवर पॅन टाकून आपला ऑफिसर कोण ते कळतं. मी ताराबाई पार्कातल्या आयकर भवनात गेलो तेव्हा पाय लटपटत होते, पण अर्ज नीट लिहिलेला होता म्हणून ऐकून घेतलं गेलं.

अर्जात काय लिहायचं तर रडगाणं नको, आकडे पाहिजेत. महिन्याला धंद्यात येतात किती, जातात किती, कर्जाचे हप्ते किती, घरखर्च किती, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि आपण स्वतः सुचवलेले हप्ते तारखेसकट. पहिला हप्ता आधीच भरून त्याचं चलन अर्जाला जोडलं तर त्या अर्जाला वजन येतं, हा माझा अनुभव आहे. मी बायकोच्या पाटल्या सहकारी बँकेत तारण ठेवून ४७ हजार भरले आणि बाकीचे ८० हजार दर महिन्याला १० हजारांप्रमाणे मागितले, असे एकूण १ लाख २७ हजार, म्हणजे डिमांडच्या साधारण २० टक्के. माझे ३० दिवस कधीच गेले होते, अशा वेळी द्यायचं की नाही हे ऑफिसरच्या हातात असतं, मला दिलं आणि बँकेला अटॅचमेंट उठवायचं पत्र गेलं. अर्ज दोन प्रतीत न्या आणि एका प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. हप्ते मिळाले तरी १ टक्का व्याज चालूच राहतं, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते, म्हणून झेपेल तेवढाच आकडा सांगा, साहेबांसमोर बरं दिसावं म्हणून वाढवून सांगू नका.

भरताना ई-पे टॅक्समध्ये डिमांडचा पर्याय निवडून डिमांड रेफरन्स नंबर टाकूनच भरा, मायनर हेड (कशासाठी भरतोय त्याचा कोड) ४००. सेल्फ असेसमेंट म्हणून ३०० मध्ये भरलं तर पैसे जातात पण डिमांड तशीच दिसत राहते, मग परत दुरुस्तीचे अर्ज. आणि पोर्टलवर पेंडिंग ॲक्शन्समध्ये रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड आहे, तिथं उत्तर द्या, पूर्ण मान्य नसेल तर किती मान्य नाही आणि का ते लिहा. घाईत डिमांड बरोबर आहे असं टिक केलं तर तिथं परत असहमत म्हणता येत नाही. तिथं उत्तर दिलं नाही तर पुढच्या वर्षांचे रिफंड त्यात वळते होतात.

गप्प बसलं तर काय होतं हेही स्पष्ट सांगतो. बँक खातं तर जातंच, पण ज्या कलम २२६ खाली ते अडकवतात त्याच कलमाखाली तुमच्या पार्ट्यांनाही पत्र जाऊ शकतं की ह्याचे जे पैसे देणं आहेत ते आमच्याकडं भरा. जॉबवर्कवाल्याला याच्याएवढं वाईट काही नाही, पार्टी पुढच्या गाडीचं कास्टिंग दुसरीकडं उतरवते. वर थकबाकीएवढ्या रकमेपर्यंत दंडही लागू शकतो. आणि भीतीपोटी शेड, गाडी, प्लॉट बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर करू नका, डिमांड निघाल्यावर केलेले असे व्यवहार कलम २८१ खाली रद्द धरता येतात आणि ऑफिसरचा तुमच्यावरचा विश्वास उडतो तो वेगळाच. एक दिलासा आहे, कारागिराची हत्यारं जप्तीतनं वगळलेली आहेत, अंगावरचे कपडे आणि स्वयंपाकाची भांडीही.

सावकाराकडं तर चुकूनही जाऊ नका. मला त्याच आठवड्यात एकानं शेकडा ५ नं ६ लाख देतो म्हणून सांगितलेलं. म्हणजे महिन्याला ३० हजार नुसतं व्याज, इन्कम टॅक्सचं होतं ६ हजारांच्या आसपास. सरकारचं देणं लवकर मिटवायच्या नादात माणूस दुसऱ्या मोठ्या देण्यात जातो, आमच्या लाईनीतली दोन वर्कशॉपं अशीच बंद पडलेली मी बघितलीत.

बाकीची वर्षंही बघून घ्या. ज्या वर्षाचं रिटर्न राहिलंय आणि अजून नोटीस आली नाही त्याचं अपडेटेड रिटर्न असेसमेंट वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत भरता येतं, जादा टॅक्स पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७०, म्हणजे जेवढं लवकर तेवढं स्वस्त.

माझं अपील अजून चालू आहे. हप्ते सगळे संपले. प्रत्येक हप्ता भरला की आठवड्याभरानं पोर्टलवर डिमांडची रक्कम तेवढी कमी झाली का ते बघत होतो आणि चलनाची प्रिंट त्या फाईलला लावत होतो. एका महिन्यात १० हजार भरूनही आकडा हलला नव्हता, चलन घेऊन दुसऱ्याच दिवशी ऑफिसला गेलो आणि ते जुळवून घेतलं.