जर्मनीत आईबाबा येणार असतील तर आधी सोमवार ते शुक्रवारचं बघा

आईबाबा येणार म्हटलं की सगळे पहिल्यांदा पॅरिस-स्वित्झर्लंडचं एक्सेल शीट उघडून बसतात. फिरणं होतं हो, शनिवार-रविवारी आपण नेतोच कुठेतरी. खरी पंचाईत असते मंगळवारी सकाळी अकराची, तुम्ही ऑफिसात, नवरा ऑफिसात आणि घरी दोन माणसं ज्यांना गावी दिवसातून चार वेळा बेल वाजायची सवय. म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्या आठवड्यात दोघं आपली आपण बाहेर पडून परत येऊ शकतील एवढं जमवा, मग तीन महिने तुम्हालाही सुखाचे जातात. मी म्युनिकमध्ये राहते म्हणून उदाहरणं इथली आहेत, बाकी जर्मनीत थोडंफार तसंच.

कागदपत्रांचं पटकन सांगते. खर्च तुम्ही करणार असाल तर इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून हमीपत्र घ्यायचं, फी २९ युरो, आणि ते सहा महिन्यांच्या आत व्हिसासाठी वापरायचं. अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात, त्यामुळे तिकिटाच्याही आधी हे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. राहायला मिळतं १८० दिवसांत ९०, आणि उतरल्याचा दिवस नि निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात, हे परतीचं तिकीट काढताना विसरू नका.

कधी बोलवायचं? एप्रिल-मेमध्ये बाबा येणार नाहीत, आंबे सोडून कोण येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आले तर आंबेही खाऊन होतात आणि साधारण ऑगस्टअखेर परत, म्हणजे बहुतेक वर्षी घरचा गणपतीही चुकत नाही. शिवाय जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तुम्ही ऑफिसातून आल्यावरही नदीवर चक्कर होते. फक्त इथे घरात एसी नसतो, उन्हाळ्याचे काही दिवस तापतात, एक टेबलफॅन आणून ठेवा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, पैसे पडत नाहीत. बाबा म्हणतील मी काय म्हातारा झालोय का, तरी सांगा, कारण प्रश्न पायांचा नसतो, गेट शोधण्याचा आणि इमिग्रेशनच्या रांगेचा असतो.

सामानात काय आणायचं यावर मात्र फोनवर नीट बोला. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप सगळं आलं त्यात. आईला हे पटत नाही, "एवढंसं तूप कोण बघतंय" म्हणते, पण बघतात. इथलं बिनमिठाचं बटर कढवलं तर तूप झकास होतं आणि क्वार्क म्हणजे आयता चक्काच, ४० टक्के फॅटवाला घ्या, थोडा वेळ फडक्यात टांगा, श्रीखंड तयार. ताजी फळं-भाज्यासुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी विसरा. नारळ, केळी, खजूर यांना सूट आहे, पण केळी कोण आणतंय! गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं, कुरडया बिनधास्त आणा.

आता घर. इथल्या बाथरूमच्या जमिनीला बहुतेक ठिकाणी जाळी नसते, पाणी बाहेर सांडलं की ते खालच्या घराच्या छतात जातं, हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि बादली-मग टबच्या आत ठेवा. टबमध्ये चढताना घसरायला होतं, रबरी मॅट टाका. टॉयलेटजवळ एक मग किंवा छोटी बाटली ठेवाच, यात लाजण्यासारखं काही नाही. दार बाहेरून ओढलं की बंद होतं आणि किल्ली आत राहिली तर कुलूपवाला रविवारी अव्वाच्या सव्वा पैसे घेतो, म्हणून एक किल्ली आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात, आणि एक शेजारच्यांकडे. झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो, मोहरी-मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावायचं नि खिडकी उघडायची, आणि उदबत्ती अलार्मच्या खाली नको. तुमची शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा घ्या. मिक्सर गावचा चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त तीन पिनांना अडॅप्टर. पण रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर नाही, आणि गॅलरीत स्पीकरवर मावशीशी गप्पा नाहीत, शेजारी चिठ्ठी लावतात.

बाहेर पडायचं शिकवताना एकच रस्ता पकडा. घर, बेकरी, बाग, तुर्की दुकान, परत घर. दोन दिवस बरोबर जा, तिसऱ्या दिवशी मागे चाला आणि काही बोलू नका. तुर्की दुकानात कोथिंबीर, भेंडी, वांगी मिळतात, एकदा आईला ते कळलं की ती रोज जाते, भाषेचं काही अडत नाही. बाटल्या परत करायचं काम बाबांना द्या, एकदाच वापरायच्या एका प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट मिळतात म्हटल्यावर ते शेजाऱ्यांच्याही गोळा करतील. तिकिटासाठी डॉइचलँड तिकीट सोपं, २०२६ पासून महिना ६३ युरो, ट्राम, बस, लोकल गाड्या सगळं चालतं, मशीनवर कुठलं बटण दाबू हा प्रश्नच नाही. मात्र ते दरमहा चालू राहतं, शेवटच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद करा. खिशात पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद असू द्या, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

औषधं पूर्ण मुक्कामाची आणा आणि डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं, आपल्याकडच्या ब्रँडवरून इथल्या डॉक्टरला काही कळत नाही. जुनी बीपी-शुगर असेल तर इन्शुरन्समध्ये त्याचं काय लिहिलंय ते विकत घ्यायच्या आधी वाचा, स्वस्त पॉलिसीत बहुतेकदा तेच वगळलेलं असतं. खरी इमर्जन्सी असेल तर ११२, रात्री ताप-बिप आला तर ११६११७, दोन्ही नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात.

फिरायला बायर्न तिकीट घ्या, म्हणजे आपल्या बव्हेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, एका ग्रुपमध्ये पाच जणांपर्यंत चालतं, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच. नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्याला गावातून वर अर्धा-पाऊण तास चढ आहे, गुडघे दुखत असतील तर घोडागाडीची रांग धरा. आणि सलग दोन दिवस भटकंती नको, एक दिवस फिरलं की दुसऱ्या दिवशी घरी वरणभात.

सुट्टी पहिल्या आठवड्यात टाका, शेवटच्या नाही. शेवटचा आठवडा तसाही बॅगा वजनकाट्यावर चढवण्यात जातो. चॉकलेटं घेताना बाटलीच्या आकाराची दिसली तर डबा उलटून वाचा, आत खरी दारू असते, आणि तो डबा नेमका एकादशी करणाऱ्या काकूंकडे जातो.