बाळंतपणानंतर काखेत गाठ आली? या चुका टाळा

बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध उतरतं. त्याच सुमारास काही जणींच्या एका किंवा दोन्ही काखांत लिंबाएवढी ठणकणारी गाठ येते. घरात कुणी तिला काखमांजरी म्हणतं, कुणाला कॅन्सरची धास्ती वाटते. बहुतेक वेळा ती दुधाचीच गाठ असते.

गर्भात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना स्तनपेशींची पट्टी तयार होते आणि छातीवरचा भाग सोडून बाकीची विरते. काखेत थोडी उरली, तर पान्हा फुटल्यावर तीही भरते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती चोळून, दाबून ‘मोकळी’ करणं. मालिशवाल्या मावशींना हे आधीच सांगून ठेवा. या गाठीला बहुधा बोंड नसतं, दुधाला बाहेर यायला वाटच नसते. दाबल्याने आतून मार लागतो, सूज वाढते. उलट दूध आत साठून राहिलं की ग्रंथी आपोआप ते बनवणं थांबवतात आणि एक-दोन आठवड्यांत गाठ बसते. हात न लावणं हाच इथे उपचार आहे.

बाळंतिणीला शेक द्यायची आपली पद्धत, पण काखेला शेकू नका. उष्णतेने रक्तपुरवठा वाढतो, ठणकाही वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. दुखणं फार असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

त्या बाजूला पाजणं बंद करू नका. दूध छातीतही तुंबेल. पाजून झाल्यावर फुगवटा मऊ झाला, तर तो मूळ स्तनाचाच काखेकडे गेलेला भाग असण्याची शक्यता जास्त. तो पाजण्यानेच उतरतो.

गळू समजून चीर देण्याची घाई नको, जखमेतून दूध पाझरत राहू शकतं. आधी सोनोग्राफी करा, त्यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही.

ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, कातडी लाल झाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा. स्तनातली बहुतेक लसिका (लिम्फ, म्हणजे पेशींभोवतालचा पाण्यासारखा द्रव) काखेतल्या लसिकाग्रंथींकडे (लिम्फ नोड) जाते, म्हणून स्तनाला जंतुसंसर्ग झाला तरी काख दुखते. टणक, न हलणारी, गरोदरपणाआधीपासूनची किंवा दोन आठवड्यांनंतरही तशीच राहिलेली गाठ मात्र दुधाची म्हणून सोडून देऊ नका. अशा जागच्या स्तनपेशींतही, क्वचित का होईना, कॅन्सर होतो.