मोबाईल रेडिएशन आणि प्राण्यांचं हृदय: स्टडी वाचायची कशी

'मोबाईलच्या लहरींनी उंदरांचं हृदय बिघडलं' असं काही फॉरवर्ड आलं की आधी मूळ पेपर शोधा, आणि निष्कर्षावर उडी मारू नका, डोस बघा.

डोस म्हणजे एसएआर, शरीराच्या एक किलोमागे किती वॅट शोषले गेले ते. सर्वसामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पूर्ण शरीराला सरासरी 0.08 आहे, आणि 4 च्या आसपास गेलं की शरीराचं तापमान साधारण एक डिग्री वाढू शकतं. तापमान वाढलं की हृदयाचे ठोके वाढणारच, ताप आल्यावर वाढतात तसेच, त्यात लहरींची वेगळी जादू काही नाही. म्हणून प्राण्याचं तापमान मोजलं होतं का, हे बघाच. नसेल तर तो पेपर मी तरी बाजूला ठेवते.

मग ईसीजी कसा घेतला ते बघा. धातूच्या वायरी लावूनच लहरी सोडल्या असतील तर वायर स्वतःच अँटेना होते, तिच्यात करंट तयार होतो आणि ग्राफमध्ये दिसणारी गडबड हृदयाची की वायरची तेच कळत नाही. 1968 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलन फ्रे यांनी बेडकाच्या बाहेर काढलेल्या हृदयावर ठोक्याशी जुळवून मायक्रोवेव्ह पल्स सोडले आणि ठोके बिघडल्याचं सांगितलं, पण नंतर इतरांनी करून बघितलं तर तसं काही मिळालं नाही, तरी हा प्रयोग अजून सगळीकडे फिरतोय!

कंट्रोल ग्रुप, म्हणजे ज्यांना लहरी दिल्याच नाहीत ते प्राणी, तर नीट बघाच. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रामने 2018 मध्ये रिपोर्ट दिला, त्यात रॅटना 900 मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसाला एकूण नऊ तास, दहा मिनिटं चालू दहा मिनिटं बंद अशा, दोन वर्षांपर्यंत दिल्या. जीएसएम, म्हणजे 2G मोबाईलच्या सिग्नलच्या, किलोमागे 6 वॅट डोसला 90 पैकी 5 नरांच्या हृदयात श्वानोमा नावाचा, मज्जातंतूंच्या आवरणातला ट्यूमर निघाला, कंट्रोलमध्ये एकही नाही. हे गंभीर आहे, हसण्यावारी नेऊ नका. पण 6 म्हणजे वरच्या मर्यादेच्या 75 पट, माद्यांमध्ये असा स्पष्ट पुरावा नाही, आणि गंमत म्हणजे लहरी दिलेले नर कंट्रोलपेक्षा जास्त जगले, मग ट्यूमर व्हायला वेळही जास्त मिळाला, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला.