इंग्रजी शब्दांचा अर्थ आणि उगम शोधताना या चुका टाळा

इंग्रजीतून मराठीत आलेला मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. अवघड शब्दांत चुका फारशा सापडत नाहीत, कारण शब्द अडला की माणूस कोश उघडतो. घात होतो तो ओळखीच्या शब्दांत.

माहीत असलेला अर्थच लावून मोकळं होणं

ही चूक पाहून मी सर्वांत जास्त वैतागले आहे. एका करारपत्राचं भाषांतर छपाईला जाण्याआधी माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं: ‘अटींचा भंग केल्यास मंजुरी मिळेल.’ मूळ मजकूर काढून पाहिला, तर तिथे ‘सँक्शन्स’ हा शब्द. भाषांतर करणारा मुलगा हुशार होता. पण ‘लोन सँक्शन झालं’ हे लहानपणापासून कानावर पडलेलं, त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी, यापलीकडे त्याचं डोकं गेलंच नाही. कलम नेमकं उलटं झालं होतं. अमुक देशावर ‘सँक्शन्स’ लादल्याच्या बातम्या तोही वाचत असणार, पण त्या क्षणी त्या आठवल्या नाहीत.

मंजुरी आणि शिक्षा किंवा निर्बंध, हे दोन्ही अर्थ एकाच मुळाचे आहेत. रोमन कायद्यात ‘सांक्तिओ’ म्हणजे कायदा मोडल्यास काय शिक्षा होईल ते सांगणारा भाग. मूळ क्रियापदाचा अर्थ पवित्र किंवा पक्कं करणं. पक्कं करण्यातून मंजुरी आली, शिक्षेतून निर्बंध.

माझी सवय सांगते. भाषांतर झालं की मूळ मजकूर बाजूला ठेवून फक्त मराठी मोठ्याने वाचते. ‘भंग केल्यास मंजुरी’ कानाला लगेच खटकतं. काम कंटाळवाणं आहे, पण पैसा किंवा कायदा असेल तिथे मी ते कधीच टाळत नाही. ‘वेळ नव्हता’ ही सबब मला पटत नाही. चुकलेलं कलम छापून गेलं की ते निस्तरायला किती वेळ जातो, ते नवशिक्यांना ठाऊक नसतं.

कोशातला पहिला अर्थ उचलणं

आधी कोश कोणता ते पाहा. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ कालक्रमाने लावतो, जुना अर्थ आधी. त्यामुळे ‘नाइस’ काढलात तर सुरुवातीला ‘मूर्ख’, ‘अडाणी’ असे अर्थ भेटतील, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘न जाणणारा’. विद्यार्थ्यांचे कोश सहसा वापरातला अर्थ आधी देतात. त्याच मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ होते. पुढे ‘रन’ने 645 अर्थांसह त्याला मागे टाकलं.

देश न पाहणं

प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेतला, अमेरिकेत लांबणीवर टाकला.

आद्याक्षरांच्या गोष्टींवर विश्वास ठेवणं

‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. तो ‘न्यू’चाच विस्तार आहे: नव्या गोष्टी. ‘गोल्फ’मध्ये ‘फक्त पुरुषांसाठी’ असं काही दडलेलं नाही. स्कॉटलंडच्या संसदेने 1457 मध्येच त्या खेळावर बंदी घातली होती, तेव्हा आद्याक्षरांचे शब्द बनवायची रीतच नव्हती. रडार, लेसर ही विसाव्या शतकातली उदाहरणं. ‘पॉश’ची गोष्ट तर मुंबईच्या बोटींशी जोडलेली: ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जाताना डावी केबिन, येताना उजवी, आणि तिकिटावर तसा शिक्का. तसं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. अशी गोष्ट कानावर आली की मी एकच प्रश्न विचारते: या शब्दाचा सर्वांत जुना लेखी वापर कधीचा? बहुतेक गोष्टी तिथेच कोसळतात.

उच्चार जुळला की संस्कृत उगम जाहीर करणं

‘नेव्हिगेशन’ म्हणजे ‘नवगती’, हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण खरी हकीकत त्याहून मोठी आहे. हा शब्द लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं यांतून बनला. ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ खरंच एका कुळातले, पण नातं भावंडांचं, मायलेकींचं नव्हे. ‘गती’चा मात्र तिथे काही संबंध नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं कलकत्त्यातले इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं. पुढे हे नातं नियमांनी सिद्ध झालं. ‘पितृ’ला ‘फादर’, ‘पाद’ला ‘फूट’: संस्कृतातल्या प-च्या जागी इंग्रजीत फ, द-च्या जागी ट. ठरलेल्या रीतीने पडलेला फरक हाच नात्याचा पुरावा. नुसता उच्चार जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

एक स्पेलिंग म्हणजे एक शब्द समजणं

नदीची ‘बँक’ स्कँडिनेव्हियातून आली, पैशांची इटालियन बाकावरून. स्पर्धेची ‘मॅच’ जुन्या इंग्रजीतल्या जोडीदारासाठीच्या शब्दातून, काडेपेटीतली फ्रेंच वातीतून. ‘कॉट’ म्हणजे आपली खाट; ‘कॉटेज’मधला ‘कॉट’ वेगळा, झोपडी या अर्थाचा. वसाहतकाळच्या व्यापारी हिशोबात ‘कँडी’ दिसली तर खडीसाखर समजू नका, ती वजनाची खंडी आहे. आणि ‘मंगूस’ मराठी मुंगसावरून गेलेला, त्यातल्या ‘गूस’चा पक्ष्याशी संबंध नाही, अनेकवचन ‘मंगीस’ करू नका.