लायफायचा बीई प्रोजेक्ट घेताय? मग आधी रिसीव्हर बनवा

ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने लायफाय घेतलं, म्हणजे एलईडीच्या उजेडातून डेटा पाठवायचा. लायफाय हे नाव देणारे संशोधक हॅराल्ड हास यांचं २०११ चं टेडवरचं भाषण बघून सगळे पेटले होते, आणि दिवा लावायचा-विझवायचा, त्यात काय एवढं, असं वाटलं. तिथेच फसलो.

घरातला बल्ब आणू नका. त्याच्या आत ड्रायव्हर आणि कपॅसिटर असतो, तो तुमचं फास्ट स्विचिंग गिळून टाकतो. एक वॅटचा सुटा एलईडी, आर्डुइनो बोर्ड आणि लॉजिक लेव्हलचा मॉसफेट (म्हणजे आर्डुइनोने चालू-बंद होणारा स्विच), झाला ट्रान्समीटर, एका दुपारचं काम. पुढचे तीन महिने रिसीव्हरने खाल्ले. आधी स्वस्त म्हणून बुधवार पेठेतून एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सेन्सर) आणला, तो इतका मंद की सेकंदाला पाच-दहा बिटांच्या पुढे गाडी जाईना. मग बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेडाचं करंट करणारा वेगवान सेन्सर) घेतला आणि त्याच्या मागे सिग्नल मोठा करायला ओपॅम्प एलएम३५८, का तर ड्रॉवरमध्ये पडला होता. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) मस्त चाललं, ११५२०० केलं तर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चौकोनाऐवजी त्रिकोण. गणित करून बघा, एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा आणि हा गडी मायक्रोसेकंदाला जेमतेम ०.३ व्होल्ट चढतो, मग तीन व्होल्ट चढायलाच दहा मायक्रोसेकंद जाणार ना. त्याच्या जागी टीएल०७२ हा वेगवान ओपॅम्प टाकला, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, तेव्हा कुठे कडा सरळ झाल्या.

लॅबमधल्या ट्यूबलाइटमुळे सिग्नलवर १०० हर्ट्झची लाट यायची (मेन्स ५० चा, पण उजेड दर अर्ध्या सायकलला वरखाली होतो). कपलिंग कपॅसिटर (हळू बदलणारा सिग्नल अडवणारा) लावून ती घालवली आणि नवीन दुखणं ओढवून घेतलं, जे आम्हाला कळलंच नाही, कारण टेस्टिंगला आम्ही कायम कॅपिटल यू हेच अक्षर पाठवायचो. सिरियलमध्ये यू म्हणजे एकाआड एक शून्य-एक, स्टार्ट-स्टॉप बिट धरूनसुद्धा, अगदी छान चौकोनी लाट. डेमोला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) म्हणाले, माझं नाव टाका बघू. टाकलं. स्क्रीनवर नुसता कचरा! सलग सारखे बिट आले की कपॅसिटरमुळे लेव्हल घसरते आणि शून्य की एक ठरवणारा कंपॅरेटर गोंधळतो, हे रात्री हॉस्टेलवर समजलं. उपाय साधा, मँचेस्टर कोडिंग, त्यात प्रत्येक बिटात शून्य-एकमधली एक उडी असतेच, शिवाय दिव्याची सरासरी चमक स्थिर राहते म्हणून फ्लिकर पण दिसत नाही. बदल्यात स्पीड निम्मा. तुम्ही टेस्टिंगला सगळे शून्य असलेला बाइट पाठवा, तो सुटला तर बाकी सुटेल.

व्हायव्हाला हमखास विचारतात की मोबाइलमधून उलट डेटा कसा जाणार, छतापर्यंत टॉर्च धरणार का? उत्तर: इन्फ्रारेड. २०२३ मध्ये आलेलं ८०२.११बीबी हे लायफायचं स्टँडर्डसुद्धा ८०० ते १००० नॅनोमीटरवरच चालतं, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश. आमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर मात्र अजून दृश्य प्रकाशाचंच कौतुक आहे.