उपचारात्मक घोडेस्वारीत स्वयंसेवकाचा हात कुठे चुकतो?

घोडा सावकाश चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकते आणि थोडी वळतेही. आपण स्वतःच्या पायांनी चालताना कंबर हलते, जवळपास तशीच. दिव्यांग स्वाराला गुण येतो तो या हालचालीचा. म्हणून नव्या स्वयंसेवकाची सर्वात मोठी चूक म्हणजे गरजेपेक्षा जास्त धरणं.

बाजूने चालणारा (साइडवॉकर)

स्वाराला आधार हवा असेल तर घोड्याकडचा हात त्याच्या मांडीवर आडवा ठेवायचा आणि बोटांनी खोगिराची पुढची कड धरायची. ही पकड सोपी आहे, पण दहा मिनिटांत खांदा भरून येतो. मग नकळत हाताचा सगळा भार मांडीवर येतो आणि कोपर घोड्याच्या अंगात रुततं. घोड्याला तो स्वाराच्या पायाचा इशारा वाटतो. तो बाजूला सरकतो किंवा वेग वाढवतो. खांदा दुखू लागला की लगेच सांगा. घोडा थांबवून दोघा साइडवॉकरनी बाजू बदलायच्या, पण एकेकानेच. दोघांनी एकदम हात सोडायचा नाही, घोडा कितीही शांत असला तरी.

स्वार एका बाजूला कलत असेल तर त्याला ढकलून सरळ करू नका. आधी घोडा थांबवा. खोगीर घसरलंय का, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) कमी-जास्त लांबीच्या आहेत का, आणि त्या बाजूचा साइडवॉकर खाली ओढतोय का, हे पाहा. यातलं तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. स्वाराला पाठीत किंवा दंडाला धरून ठेवलं तर त्याचे स्वतःचे तोल सावरणारे स्नायू कामालाच लागत नाहीत.

पायांचे स्नायू आखडलेले असतील तर पाय ओढून रिकिबीत घालू नका. अचानक ओढ बसली की स्नायू आणखी घट्ट होतात. पाय मोकळे सोडून काही मिनिटं एका लयीत चालू द्या. घोड्याच्या अंगाची ऊब आणि चालीचा झोका यांनी मांड्या बऱ्याचदा आपोआप सैलावतात.

घोडा धरणारा (लीडर)

दोरी मोहरकीपासून (घोड्याच्या तोंडाभोवतीच्या पट्ट्यांपासून) वीतभर अंतरावर धरा. उरलेल्या दोरीच्या घड्या दुसऱ्या हातात असू द्या. ती हाताला गुंडाळली आणि घोडा बुजला, तर बोटं मोडतात किंवा माणूस फरफटत जातो. चालायचं घोड्याच्या डोक्याच्या आणि खांद्याच्या मधे. सारखं मागे वळून स्वाराकडे पाहिलं की घोड्याची चाल तुटते. वळणं मोठी घ्या. थांबण्याआधी मोठ्याने सांगा, नाहीतर स्वार पुढे झुकतो.

घोडा बिथरला तर लीडरने फक्त घोड्याकडे पाहायचं. स्वाराला पकडायला म्हणून दोरी सोडली, तर सुटलेला घोडा सगळ्यांनाच धोका ठरतो. स्वार ही साइडवॉकरची जबाबदारी. त्याला खाली घ्यायचं की नाही, हे प्रशिक्षक ठरवेल.

तंग, म्हणजे खोगीर घट्ट बसवणारा पोटाखालचा पट्टा, एकदाच आवळून विसरू नका. आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, आणि चालू लागले की तंग सैल पडतो. स्वार चढण्याआधी आणि चार-पाच मिनिटं चालल्यावर, असा दोनदा तपासा.

बोलणं

सूचना एकट्या प्रशिक्षकाने द्यायची. तिघं एकदम बोलू लागले की ज्याला ऐकलेलं समजायला वेळ लागतो, तो स्वार गोंधळतो. सूचनेनंतर मनात दहापर्यंत मोजा. पुन्हा सांगायची वेळ आली तर तेच शब्द वापरा. नवे शब्द आले की त्याला पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. हात लावण्याआधी विचारा. प्रौढ स्वाराला अरे-तुरे करू नका, आणि त्याच्याविषयीचा प्रश्न सोबत आलेल्या माणसाला विचारू नका.

आकडी आली तर

घोडा थांबवा, दोन्ही बाजूंनी स्वाराला धरा, तोंडात काहीही घालू नका आणि प्रशिक्षकाच्या शब्दाची वाट पाहा.

उतरल्यावर

कमरेखाली संवेदना नसलेल्या स्वाराला खोगिराची शिवण टोचलेली कळत नाही. घरच्यांनी किंवा काळजीवाहकाने आडोशाला बैठकीच्या जागेची आणि मांड्यांची कातडी पाहावी. लाली अर्ध्या तासात ओसरली नाही तर प्रशिक्षकाला कळवा आणि कातडी पूर्ववत होईपर्यंत स्वारी बंद ठेवा.