नळीतला सा: नववीचा ‘ध्वनी’ गाण्यातून कसा शिकवावा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या मुलांची पहिली अडचण शब्दांची. हिंदी पुस्तकात ‘आवृत्ति’ म्हणजे वारंवारता, सेकंदाला होणारी कंपनं (हर्ट्झ). घरी आवृत्ती असते पुस्तकाची. त्यात ‘आवाज चढव’ म्हटलं की कुणी जोरात गातो, कुणी वरच्या पट्टीत. म्हणून गाणं लिहायच्या आधी नळ्या करा आणि एकच नियम ठेवा: जे मोजलं नाही ते गाण्यात येणार नाही.

वायरिंगचा 20 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सव्वा मीटर घ्या. चार तुकडे कापा आणि प्रत्येकाचं एक तोंड एम-सीलने बुजवा. एम-सील आत घुसतं, म्हणून प्रत्येक तुकडा सेंटिमीटरभर जास्त ठेवा आणि लांबी विणकामाची सुई आत घालून मोजा. आतली खोली हवी: सा 33.8, ग 27, प 22.5, तार सा 16.9 सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग 25 अंशांना सेकंदाला 346 मीटर. त्याला वारंवारतेच्या चौपटीने भागायचं. सा 256 हर्ट्झ धरला की ग 320, प 384, तार सा 512.

नळीच्या काठावरून हलकी फुंकर मारा आणि फायफॉक्स या मोफत अॅपमधल्या ‘ऑडिओ ऑटोकोरिलेशन’वर वारंवारतेचा आकडा वाचा. तो थोडा कमीच येईल, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही हलते आणि ओठ तोंड अर्धवट झाकतात. कानशीने घासत बसू नका. ड्रॉपरने थेंब थेंब पाणी घाला. हवेचा स्तंभ आखूड होतो, सूर चढतो. मुलांना पाहायला मिळावं ते नेमकं हेच.

साथीला पेटी नको. तिच्या ‘पांढरी एक’ पट्टीचा सा साधारण 261.6 हर्ट्झचा, म्हणजे नळीच्या साबरोबर वाजवला की आवाज मोठा-लहान होत सेकंदाला पाच-सहा ठोके ऐकू येतील. (तो वेगळ्या तासाचा विषय.) तानपुऱ्याचं अॅप 256 वर लावा.

आता मुखडा. केरवा तालाच्या आठ मात्रांत बसेल असा नियम: ‘लांब नळी, सूर ढाला, आखूड नळी, सूर चढा.’ अंतऱ्यात ग्वाल्हेरचा उन्हाळा आणा. हवा 10 अंशांची असेल तर वेग 337 मीटर, 45 अंशांची असेल तर 358. तीच नळी जवळजवळ अर्धा स्वर वर जाते.

‘जोरात फुंक, सूर चढेल’ ही ओळ कुणीतरी लिहितंच. खोडू नका, नळीवर तपासायला लावा. फुंकर थोडी वाढवली की आवाज मोठा होतो, सूर जवळपास तिथेच राहतो. फारच वाढवली की साची नळी तार सा ओलांडून थेट 768 वर, तार पंचमावर उडी मारते. एका बाजूने बंद नळीत मूळ वारंवारतेच्या फक्त विषम पटी (तिप्पट, पाचपट) उमटतात, म्हणून दुप्पट असलेला 512 गळतो. या उडीवरच दुसरा अंतरा लिहायला सांगा.

रेकॉर्डिंग फोनवर करा आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये जुळवा. पंखा बंद. फोन फुंकरीच्या वाटेत नको, फूटभर बाजूला ठेवा. नाहीतर सुराऐवजी नुसती घरघर येते. चार नळ्या वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, शब्द सगळ्यांत शेवटी.